सरमामांची चौथी फाइल

माझ्या आजोळी माफी मोजायचं एक माप आहे, त्याचं नाव गॅलिलिओ. सरमामा बाजारातून मीठ विसरून आले आणि वर ‘तू सांगितलंच नव्हतंस’ असं ठासून म्हणाले, की मामी तांदूळ निवडता निवडता मान वर न करता विचारते, “आता कबूल करताय, की गॅलिलिओ करायचा?”

१६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने गॅलिलिओला दोषी ठरवलं. आपल्याकडून चूक झाली होती, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीरपणे मान्य केलं १९९२ मध्ये. मधली वर्षं तीनशे एकोणसाठ. ही वजाबाकी मामीला सरमामांनीच शिकवली, लग्नानंतरच्या कुठल्यातरी संध्याकाळी, प्रेमाने. बायकोच्या हाती आपण कसलं हत्यार देतोय याची त्यांना कल्पना नसावी.

सरमामा वसईचे. विज्ञानाचे मास्तर म्हणून शाळेतून निवृत्त झाले, पण रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून त्यांना अजून कुणी निवृत्त करू शकलेलं नाही. अर्ध्या गावाचे ते सर, उरलेल्या अर्ध्याचे मामा, म्हणून सरमामा. सोमवार ते शुक्रवार शाळेत उत्क्रांती आणि रविवारी चर्चच्या हॉलमध्ये उत्पत्ती, खडू तोच. एकदा एका पोराने अगदी रडकुंडीला येऊन विचारलं, “सर, परीक्षेत कुठलं लिहायचं?” सरमामांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “पेपर कोणाचा आहे ते बघ.”

त्यांचं खरं उत्तर मात्र वेगळं आहे, आणि ते आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत उठवलं तरी म्हणू: “पुस्तकं दोन, लेखक एक.” एक पुस्तक बायबल, दुसरं सृष्टी. या वाक्यानंतर ते उजव्या हाताची दोन बोटं वर करतात आणि सावकाश एकमेकांना चिकटवतात. यावर मामीचंही उत्तर ठरलेलं आहे: “आणि वाचणारे तुम्ही एकटेच. दळण कोण आणणार?”

असा माणूस फक्त वसईत असतो असं समजू नका. महाराष्ट्रात जिथे जिथे ख्रिस्ती वस्ती आहे तिथे तो सापडतो. अहिल्यानगरचा असला तर तो १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदया’चा वारसा सांगेल, वसईचा असला तर ‘सुवार्ते’चे जुने अंक माळ्यावरून काढून दाखवेल. भूकंप जपानला होवो की कांद्याचा भाव लासलगावला चढो, त्याच्या मते ती बातमी आपल्या घरच्या एका जाड पुस्तकात कुठेतरी असतेच. फक्त नीट वाचायला हवं.

सकाळी सहाची मिस्सा आटोपून सरमामा पेपर घेऊन येतात आणि पडवीत बसतात. हाताशी मामीची शिवणाची कात्री असते. या कात्रीचा दावा पस्तीस वर्षं चालू आहे. कागद कापून कात्रीची धार जाते असं मामीचं म्हणणं, आणि धार कशाने जाते यावर सरमामांचं एक छोटंसं व्याख्यान. मग कात्रणं निघतात. पाककृतीचं पान उलट्या बाजूने अर्धं कापलेलं मिळतं, त्यामुळे आमच्याकडे कितीतरी पदार्थ ‘नंतर त्यात’ या शब्दांवर संपतात.

कात्रणांच्या चार फायली आहेत. पहिली ‘सृष्टी’, दुसरी ‘विज्ञान’, तिसरी ‘काळाची चिन्हे’. चौथीवर नुसतं ‘बघू’ असं लिहिलंय. जे कुठेच बसत नाही ते ‘बघू’मध्ये जातं. ती सगळ्यांत जाड आहे.

प्रत्येक कात्रणाच्या कोपऱ्यात लाल शाईने वचनाचा आकडा. कांदा महागला की ‘गणना ११:५’. वाळवंटात इस्राएली लोक मिसरातल्या काकड्या, कांदे आणि लसूण आठवून गळा काढतात, ती जागा. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली तेव्हा ‘निर्गम १०’. आणि विरार लोकलच्या गर्दीच्या बातमीवर ‘मार्क १०:२५’, म्हणजे उंट आणि सुईचं नेढं. मी रोज त्याच नेढ्यातून चर्चगेटला जातो, त्यामुळे मला ते वचन जरा मनाला लागलं.

मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थना वाचायचं काम बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं. त्या प्रार्थना छापील असतात, तरी सरमामांच्या तोंडून येताना त्यात आदल्या आठवड्याचा पेपर मिसळलेला असायचा. ओझोनच्या थरासाठी आम्ही प्रार्थना केली आहे. डोडो पक्ष्याचं स्मरण केलं आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्लूटोचं नाव ग्रहांच्या यादीतून काढलं, त्यानंतरच्या रविवारी सरमामांनी भरल्या गळ्याने वाचलं, “आपल्या माणसांनीच रांगेबाहेर काढलेल्या सर्वांसाठी आपण प्रार्थना करूया,” आणि छताकडे पाहिलं. “प्रभो, आमची प्रार्थना ऐक,” सगळं देऊळ म्हणालं. शेवटच्या बाकावरची एक म्हातारी आपल्या सुनेकडे बघत होती. पुढच्या महिन्यात फादरांनी प्रार्थनांची संख्या पाचावर आणली आणि कागद आधी दाखवायचा असा नियम केला.

चंद्राचा विषय निघाला तर मात्र त्यांना आवरणं अवघड. क्लेव्हियस नावाचं चंद्रावर एक अवाढव्य विवर आहे. हा क्लेव्हियस येशूसंघाचा पाद्री. १५८२ मध्ये पोप ग्रेगरींनी कॅलेंडर सुधारलं आणि ४ ऑक्टोबरच्या रात्री झोपलेली रोमची माणसं १५ ऑक्टोबरला उठली, त्यामागच्या गणितात याचा मोठा हात. (विजेचं बिल दहा दिवस उशिरा भरल्याचा ठपका आला तेव्हा सरमामांनी हाच दाखला काउंटरवर दिला होता. दंड भरावा लागला.) आणि आर्मस्ट्राँग ज्या शांतिसागरावर उतरला त्याला ते नाव दिलं तेही एका पाद्र्यानेच, रिचोलीने, १६५१ च्या नकाशात. “म्हणजे अमेरिका पोचायच्या तीनशे वर्षं आधी आपला माणूस तिथे पाट्या लावून आला होता,” असं सरमामा म्हणतात, आणि ‘आपला’ म्हणताना त्यांच्या आवाजात वसईचं काहीतरी येतं, जणू रिचोलीचं घर पापडीच्या नाक्यावरच होतं.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. सरमामा धावत फादरांकडे गेले, चर्चची घंटा वाजवायची परवानगी मागायला. फादर तरुण आहेत, त्यांनाही आनंद झालाच होता, पण ते म्हणाले, “सर, अवेळी घंटा वाजली की लोक धावत येऊन विचारतील कोण गेलं.” सरमामा म्हणाले, “सांगा, विक्रम गेला. आणि पोचला.” घंटा वाजली नाही. सरमामांनी घरी येऊन जेवणाचं ताट डावाने बडवलं. ते आम्हाला सगळ्यांनाच आवडलं, फक्त मामीने ताटाचा पोचा दाखवून विवराचं नाव विचारलं.

राखेचा बुधवार हा त्यांचा आवडता दिवस. बाकी लोक त्या दिवशी उपास, प्रायश्चित्त, तू माती आहेस आणि मातीला मिळशील, अशा गंभीर विचारात असतात. सरमामा मात्र प्रसन्न असतात. कपाळाला लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात. “बघा, रिसायकलिंग!” ते रांगेतच मागच्या माणसाला सांगतात. राखेत पोटॅश असतं, आपल्या शरीरातला कार्बन कधीकाळी एखाद्या ताऱ्याच्या पोटात शिजलेला आहे, त्यामुळे फादर ‘माती’ म्हणतात ते जरा कमीच सांगतात, हेही रांगेतच. फादरांचा अंगठा कपाळाला टेकेपर्यंत हे चालू असतं, टेकल्यावर मात्र ते गप्पकन थांबतात. त्या दिवशी दुपारपर्यंत ते कुणाशी फारसं बोलत नाहीत. मी लहान असताना मला वाटायचं, राखेत काहीतरी औषध असतं.

वाटाण्याच्या दिवसांत आम्हा भाचरांची पाळी यायची. ग्रेगोर मेंडेल हा ब्रनोच्या मठातला साधू, आनुवंशिकतेचे नियम त्याने मठाच्या बागेत वाटाणे लावून शोधले, १८६६ मध्ये छापले, आणि १९०० पर्यंत कुणी ढुंकून पाहिलं नाही. तोवर मेंडेल जाऊन सोळा वर्षं झाली होती. हे सगळं ऐकत आम्ही शेंगा सोलायचो आणि गोल दाणे एका वाटीत, सुरकुतलेले दुसरीत टाकायचो. तीनास एक असं प्रमाण यायला हवं होतं. बाजारातल्या मिसळलेल्या शेंगांत ते येणार नाही हे त्यांना ठाऊक होतंच, पण आमच्याकडे ते भलतंच बिघडायचं, कारण सुरकुतलेले दाणे जास्त गोड लागतात. सरमामा वाट्या बघून म्हणायचे, “इथे निसर्गनिवड झालेली दिसते.”

तिसऱ्या फाइलला, म्हणजे ‘काळाची चिन्हे’ला, माल पुरवतात ते पलीकडच्या आळीतले एक काका. त्यांच्या मोबाइलवर जग दर आठवड्याला संपतं. बारकोडमध्ये ६६६, नोटांवर ६६६, २०१२ चा प्रलय, सगळं त्यांच्याकडून आलं. सरमामा ते मन लावून वाचतात, व्याकरणाच्या चुका दुरुस्त करतात आणि मग चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, “अरे, मत्तय २४:३६ वाच. तो दिवस खुद्द पुत्रालाही ठाऊक नाही म्हणतात, आणि तुला फॉरवर्डमध्ये कळला?” एकदा तर त्यांनी, “शेवट मंगळवारी असेल तर सोमवारी बँकेत पाच वर्षांची ठेव का ठेवलीस?” असंही विचारलं. काका रागावून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले, कारण सरमामांकडे चहा चांगला असतो आणि जगाच्या अंताबद्दल बोलायला दुसरं कुणी वेळ देत नाही.

कोविडची लस आली तेव्हा काकांनी ठरवलं, यात चिप आहे, घ्यायची नाही. वचनावर वचन सुरू झालं. शेवटी सरमामांनी सिराकच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय काढला. वैद्याचा मान राखा, औषधं मातीतून परमेश्वरानेच निर्माण केली आहेत, शहाणा माणूस ती नाकारत नाही, अशा अर्थाचा मजकूर तिथे आहे. (हा ग्रंथ कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलात नाही. काका प्रॉटेस्टंट असते तर सरमामांची पंचाईत झाली असती.) काका निरुत्तर झाले, पण हलले नाहीत. मग सरमामांनी वाद सोडला, त्यांना स्कूटरवर घातलं, केंद्रावर तीन तास रांगेत उभं केलं, स्वतः शेजारी उभे राहिले. रात्री काकांना ताप चढला. सरमामा पेजेचा डबा घेऊन गेले आणि दाराशीच म्हणाले, “चिपला चार्जिंग लागतं. खा.”

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाऊदातो सी’ हे परिपत्रक निघालं आणि आजोळचं जीवन काही काळ कठीण झालं. आधीच पोप तरुणपणी केमिस्ट्री शिकलेले, रासायनिक तंत्रज्ञ, म्हणजे सरमामांच्या दृष्टीने ते जवळजवळ सहकारी शिक्षक. आता तर त्यांनी सगळं पत्रक पृथ्वीबद्दल, आपल्या सर्वांच्या घराबद्दल लिहिलेलं. सरमामांनी ते तीनदा वाचलं. प्लॅस्टिकच्या पिशव्या गेल्या. आंघोळीची बादली लहान झाली. नाताळच्या गोठ्याला थर्माकोलऐवजी केळीचं सोपट आलं, ते चौथ्या दिवशी वाळून वाकलं आणि तीन राजे बाळ येशूवर कोसळले.

त्याच वर्षी मामेभावाने एसी घ्यायचा ठरवला. सरमामांनी परिच्छेद ५५ उघडून समोर ठेवला. तिथे वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या वापराबद्दल पोपनी खरोखरच लिहिलंय. मामेभाऊ म्हणाला, “पपा, पोपना म्हणावं, मे महिन्यात वसईला या.” दोन आठवडे घरात शीतयुद्ध चाललं, त्यातही घर थंड झालं नाही. शेवटी मामीने निकाल दिला: “एसी लागेल. पोपना काय कळवायचं ते मी कळवते.” एसी लागला. सरमामा बाणेदारपणे पडवीतच झोपत राहिले. दुपारी दोन ते चार मात्र ते फिल्टर स्वच्छ आहे का हे तपासायला त्या खोलीत जातात, दार लावून घेतात. एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून ते अळूला घालतात आणि रोज किती लिटर भरलं याची वहीत नोंद ठेवतात. अळूवडीला त्यामुळे घरात ‘परिच्छेद ५५’ म्हणतात.

हे सगळं वाचून सरमामा म्हणजे नुसती करमणूक असं वाटेल. आम्हालाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं.

घरामागे एक बावखल आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतलं तळं, पूर्वजांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. एकेकाळी त्यावर रहाट फिरायचे, त्यावर केळी, पानवेली आणि फुलांच्या बागा चालायच्या. मग जमिनीला भाव आला आणि एकेक बावखल डेब्रिस टाकून बुजत गेलं. हरित वसईच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, तेच पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या मोर्च्यांत सरमामा मागच्या रांगेत असायचे, हातात फलक. फलकावर इतका बारीक मजकूर, की वाचायला मोर्चा थांबवावा लागला असता.

आमच्या बावखलालाही गिऱ्हाइकं आली. भावकीतल्या काहींचं म्हणणं, खड्डाच तर आहे, भरून टाकू, चार गाळे निघतील. सरमामांनी भांडण केलं नाही. त्यांनी ‘सृष्टी’ फाइल काढली आणि सलग तीन रविवार भावकीला जेवायला बोलावून वाचून दाखवली. चौथ्या रविवारी कुणी आलं नाही, आणि विषयही निघाला नाही.

२०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, लोकल बंद पडली, आणि पाणी पडवीच्या तिसऱ्या पायरीला लागलं. सरमामा छत्री धरून पायरीवर खडूने रेघ मारत होते. पलीकडचे काका गुडघाभर पाण्यातून आले आणि म्हणाले, “सर, नोहाचा काळ आला.” सरमामा म्हणाले, “नोहाचं जग बुडवायला चाळीस दिवस आणि चाळीस रात्री लागल्या. आपलं चार दिवसांत आटोपलं. त्याच्याकडे बावखलं बुजवलेली नव्हती.” ही रेघ अजून आहे, आता ऑइलपेंटने काढलेली, खाली साल घातलेलं.

मागच्या नाताळात एक गोष्ट घडली. सरमामांची नात फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. जेवणं चालली होती आणि सरमामा त्यांच्या सर्वांत लाडक्या पाद्र्यावर आले होते, जॉर्ज लमेत्रवर. बेल्जियमचा हा पाद्री, १९२७ मध्ये त्याने विश्व प्रसरण पावतंय असं गणिताने मांडलं, आइनस्टाइनला आधी ते पटलं नव्हतं, आणि महास्फोटाच्या कल्पनेचा उगम याच्याकडेच जातो. १९६६ मध्ये हा मरणपंथाला असताना, त्या स्फोटाची उरलेली धग आकाशात सापडल्याची बातमी त्याच्या कानावर घातली गेली. इथवर आले की सरमामांचा आवाज दरवेळी फाटतो. तो फाटला. मग त्यांनी दोन बोटं वर केली, “म्हणजे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जो प्रकाश—”

“आजोबा,” नात म्हणाली, “पण लमेत्रला हेच आवडायचं नाही.”

बोटं वरच राहिली.

तिने सांगितलं, १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात असंच काहीसं सुचवलं होतं, की विज्ञान आता निर्मितीच्या बाजूने साक्ष देतंय. लमेत्रला ते रुचलं नाही. त्याचं म्हणणं, माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, तो उद्या चुकीचाही ठरू शकतो, त्यात देवाला गुंतवू नका. “त्याची पुस्तकं दोन होती, आजोबा. पण त्याने ती कधी शिवून एक केली नाहीत.”

कुणी बोललं नाही. मामीने सोरपोतेलचं भांडं पुढे सरकवलं आणि फक्त एवढंच पुटपुटली, “तीनशे एकोणसाठ.” सरमामा म्हणाले, “हे बघायला पाहिजे,” आणि लवकर झोपायला गेले.

जानेवारीत मी गेलो तेव्हा पडवीत कुणी नव्हतं. मी फायली चाळल्या. लमेत्रचं कात्रण ‘विज्ञान’मध्ये नव्हतं. ‘बघू’मध्ये सगळ्यांत वर होतं, आणि कोपऱ्यातल्या लाल आकड्यावर पांढरी शाई फासलेली होती. खाली पेन्सिलने नातीचं नाव आणि तारीख. २९ डिसेंबर. मी मामीला दाखवलं. तिने कात्रण नीट पाहिलं, हिशेब केला आणि म्हणाली, “चार दिवस. माझ्या मिठाला कधी एवढी घाई केली नाही.”

यंदा जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री मी आजोळीच होतो. वीज गेली होती. एसीच्या खोलीतून बाहेर आलो तर मागचं दार उघडं. बावखलाच्या काठावर छत्री न घेता सरमामा उभे होते, लेंगा वर खोचलेला, एका हातात विझवलेली टॉर्च, दुसऱ्या हातात रेकॉर्डिंग चालू केलेला मोबाइल, प्लॅस्टिकच्या पिशवीत. एवढी एक पिशवी त्यांनी नऊ वर्षं जपून ठेवली असावी. समोरच्या अंधारात बेडकांनी नुसता गदारोळ मांडला होता. गेल्या वर्षी चार प्रकारचे आवाज मोजले होते, यंदा किती ते बघत होते.

मी जवळ जाऊन विचारलं, “मामा, हे आता कुठल्या फाइलमध्ये—”

त्यांनी माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं.

“गप रे,” ते कुजबुजले. “पहिलं वाचन चाललंय.”